गोळीच लागली होती का?

नोव्हेंबर सरत आला की आमच्या कचेरीतला फोन जास्त वाजू लागतो. एरवी त्यावर पुरवठादार असतात, कुरिअरवाले असतात, नाहीतर पेन्शनच्या कागदात एका अक्षराची चूक निघाल्यामुळे हवालदिल झालेल्या कुणा हवालदाराची बायको असते. डिसेंबरच्या तोंडावर दाते येतात. 7 डिसेंबर म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिन, 1949 पासून चालत आलेला. लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या रंगाची छोटी निशाणं शर्टाला लागतात, जिल्ह्याजिल्ह्यांत निधी संकलनाचे समारंभ होतात आणि बऱ्याच भल्या माणसांना जखमी जवानांसाठी काहीतरी करावंसं वाटतं. पुढे 26 जानेवारी येतो, मग मार्चअखेरीला कंपन्या, 26 जुलैला कारगिल, लगोलग 15 ऑगस्ट. सप्टेंबर-ऑक्टोबर कोरडे. आमचे सुभेदारसाहेब याला 'देशभक्तीचं पंचांग' म्हणतात. सरहद्दीवर काही घडलं की त्यात अधिक महिना येतो, हेही त्यांचंच.

मी मूळची बँकेतली. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा हातात वेळ होता आणि आकडेमोडीची सवय सुटत नव्हती. ओळखीतून पुण्यातल्या या लहानशा न्यासात आले ती हिशेब बघायला, आणि हळूहळू निधी उभा करण्याचं काम माझ्याकडे आलं. सैन्यात असताना अपंगत्व आलेल्या आणि आता सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या भागातल्या आपापल्या गावी राहणाऱ्या माणसांना लागणारं सामान पुरवणं आणि त्यांच्या घरात गरजेचे फेरफार करून देणं, एवढंच आमचं काम. सुभेदारसाहेब घरं बघतात, मी पैसे बघते. तिसरा माणूस गोदाम बघतो आणि आम्हा दोघांनाही बघतो.

दात्यांशी होणारं बोलणं ठरावीक वळणानं जातं. आधी कौतुक, मग रक्कम, मग करसवलतीची 80जी ची पावती मिळेल ना, आणि यानंतर कधीतरी, आवाज थोडा खाली आणून, 'कुठल्या लढाईतले हो? गोळीच लागली होती का?'

आमच्या यादीतल्या बहुतेकांना गोळी लागलेली नाही. सिक्कीमच्या घाटात ट्रक दरीत गेला आणि पाठीचा कणा मोडला. बंकरच्या छपरावरचा बर्फ उपसताना पाय घसरला. पुलाचं लोखंडी पॅनेल चढवताना ते चौघांच्या हातून निसटलं आणि पाचव्याच्या कमरेवर आलं. प्रशिक्षणाच्या कोर्समध्ये दोरावरून उतरताना गाठ सुटली. सुट्टीवर आलेल्या एका पोरानं वैशाखात गावच्या विहिरीत सूर मारला. पाणी त्या वर्षी खाली गेलेलं होतं, मान तळाला आपटली. असल्या हकिकती मी फोनवर सांगायला लागले की पलीकडचं 'हं, हं' बारीक होत जातं. एक सद्गृहस्थ तर सरळ म्हणाले, 'म्हणजे अपघातच की. मग आमच्या सोसायटीतल्या वॉचमनलाही झालाय.' वॉचमनलाही मदत करा, असं मी म्हणाले, ते त्यांना आवडलं नाही.

लढाई आणि अपघात यांच्यातली ही रेघ सैन्यालाही मारावीच लागते. कागदोपत्री एक 'बॅटल कॅज्युअल्टी' असते आणि दुसरी 'फिजिकल कॅज्युअल्टी'. लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत आलेल्या अपंगत्वाचं पेन्शन वेगळ्या दरानं, इतर सेवाकाळातल्या अपंगत्वाचं वेगळ्या, बऱ्याच कमी दरानं. दुखापत नोकरीमुळे झाली की नाही यावरही बरंच काही अवलंबून असतं, आणि त्या एका प्रश्नापायी माणसं वर्षानुवर्षं न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवतात. शत्रूसमोर उभं राहिलेल्याला सरकारनं अधिक द्यावं हे मला पटतं. माझी तक्रार दात्यांबद्दल आहे. सरकारला नियम लागतो म्हणून सरकारनं रेघ मारली. दात्याला तसा कुठलाच नियम लागू नाही, तरी तो तीच रेघ, त्याच जागी, अधिक ठळक करून मारतो. बाराव्या मणक्याखाली संवेदना गेलेल्या माणसाला पाठीवर फोड आलाय हे कळत नाही. तो ट्रकमुळे कळत नाही की गोळीमुळे, यानं फोडाला फरक पडत नाही.

आणि लढाया तरी सगळ्या कुठे पंचांगात असतात? कारगिल आहे. 1999 च्या त्या उन्हाळ्यात 527 जवान गेले, 1,300 हून अधिक जखमी झाले, आणि दूरचित्रवाणीमुळे ते घराघरात दिसले. पैशांचा ओघ लागला. श्रीलंकेत 1987 ते 1990 या काळात भारताची शांतिसेना होती, सुमारे 1,200 माणसं परत आली नाहीत, कितीतरी पाय गमावून आली. त्यांच्यासाठी मला आजवर एकही फोन आलेला नाही. संसदेवरच्या हल्ल्यानंतर 2001-02 मध्ये 'ऑपरेशन पराक्रम' झालं. पश्चिम सीमेवर मैलोगणती सुरुंग पेरले गेले, युद्ध झालंच नाही, आणि ते सुरुंग पेरताना व नंतर काढताना आपल्याच जवानांचे पाय गेले. त्याचा ना विजयदिन, ना पुण्यतिथी. यादीतले एकजण त्यातले आहेत. ते स्वतःच हसत सांगतात की आमचा शत्रू आम्हीच पुरून ठेवला होता.

याउलट 2016 च्या फेब्रुवारीत सियाचिनला हिमस्खलनात दहा जवान गाडले गेले तेव्हा देशभरातून लोक पैसे देऊ करू लागले. ते कुठे घ्यायचे म्हणून सैन्याला खातं उघडावं लागलं. आज 'आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड' म्हणून जो निधी आहे त्याचं मूळ तिथे. अशा लाटेचा गैरफायदा घेणारेही असतात. 2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरला, की मंत्रिमंडळानं सैन्यासाठी आणि जखमी जवानांसाठी अमुक बँकेत खातं उघडलंय, रोज एक रुपया टाका. संरक्षण मंत्रालयाला तो दिशाभूल करणारा असल्याचा खुलासा करावा लागला. त्या आठवड्यात आम्हाला 'ते खातं तुमचंच का?' म्हणून विचारणारे फोन येत होते. नाही म्हटल्यावर 'मग तुमचं कशाला देऊ?' असंही ऐकून घेतलं.

सगळ्यांत अवघडलेली अवस्था प्रशिक्षणातच जायबंदी झालेल्या मुलांची. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी पुण्याच्या उशाशी; तिथे, डेहराडूनला किंवा चेन्नईला अधिकारी होण्याचं प्रशिक्षण घेताना कुणी कायमचं जायबंदी झालं तर त्याला घरी पाठवलं जातं. तो अधिकारी झालेला नसतो, म्हणून माजी सैनिकही नसतो. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या मुलांची आपणहून दखल घेतली, त्यानंतर हालचाल झाली. दात्यांच्या प्रश्नावलीत मात्र त्यांना रकानाच नाही. विशीतला मुलगा, अंगावर गणवेश चढला न चढला तोच उतरला. त्याला कुठल्या लढाईतला म्हणायचं?

पुण्यात हे काम करायचं म्हणजे खडकीला जाणं आलंच. रेंजहिल्सचा तो सगळा भाग मला पूर्वी फक्त दारूगोळा कारखान्यामुळे माहीत होता. तिथे दोन संस्था आहेत, ज्यांच्याबद्दल पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट त्यांतली जुनी. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून परतलेल्या हिंदी शिपायांसाठी लेडी विलिंग्डन यांनी ती 1917 मध्ये मुंबईत सुरू केली, पुढे ती खडकीला आली. अपंग झालेल्या जवानाला हातात एखादं कसब देऊनच घरी पाठवायचं, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे. आजही तिथे अभ्यासक्रम चालतात. दुसरी संस्था 1974 ची, पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. कमरेखालून किंवा मानेखालून लुळे झालेले जवान तिथे राहतात, कुणी काही महिने, कुणी जन्मभर. खडकीच्याच लष्करी रुग्णालयात मणक्याच्या दुखापतींवर उपचार होतात, आणि तिथून पुढे घरी जाण्यासारखी स्थिती नसलेल्यांना या केंद्रात आसरा मिळतो. चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळणारे तिथे आहेत, तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे आहेत. मोहालीलाही असं एक केंद्र आहे. पायाचं काम असेल तर पुण्यातलंच आर्टिफिशियल लिंब सेंटर, 1944 पासूनचं. म्हणजे लढाया कुठेही होवोत, त्यांचा बराचसा हिशेब पुण्यात येऊन चुकता होतो.

आमच्याकडे येतात ते या संस्थांतून बाहेर पडून गावी गेलेले. आणि इथून पुढे दात्यांना रस उरत नाही, कारण कथा संपलेली असते आणि सामान सुरू होतं.

पाठीच्या कण्याच्या दुखापतीत माणूस मरतो तो बहुधा दुखापतीनं नाही. बेडसोअर, लघवीचा जंतुसंसर्ग अशा मागाहून आलेल्या दुखण्यांनी मरतो. पहिल्या महायुद्धात असे बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावत. 1944 मध्ये इंग्लंडच्या स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन या जर्मनीतून आलेल्या ज्यू डॉक्टरांनी जे केलं त्यात चमत्कार नव्हता: रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायची, मूत्राशय स्वच्छ ठेवायचं, आणि माणसाला खाटेवर पडू द्यायचं नाही. एवढ्यानं माणसं जगायला लागली. आजही घरात हेच करावं लागतं. रात्री अकरा, एक, तीन, पाच. गजर कुणाच्या उशाला, हे सांगायला नको. खुर्चीत बसलं तर दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन बूड उचलायचं. त्यात कसूर झाली की माकडहाडावर लाल डाग, मग फोड, मग खड्डा. आणि एकदा खड्डा पडला की महिनेच्या महिने पालथं झोपून काढायचे.

म्हणून चांगली एअर कुशन लागते. साधी स्पंजची गादी चालत नाही, ती काही महिन्यांत बसते. चांगली हजारो रुपयांची येते, तीही दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, आणि गावाकडे बाभळीचा काटा लागून त्याआधीच जाते. नळीचं तसंच. दिवसातून चार ते सहा वेळा कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करायचं. रोजचे पाच धरले तर वर्षाचे 1,825. ते प्रत्येक वेळी नवे कोण वापरणार? धुऊन, उकळून पुन्हा वापरतात. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना 2003 पासून आहे आणि तिच्यामुळे मोठ्या उपचारांचा भार उतरला आहे. पण पॉलिक्लिनिक जिल्ह्याला किंवा मोठ्या तालुक्याला, आणि हा माणूस वाडीवर, ज्याला एसटीत चढता येत नाही. दोन-चार डझन नळ्यांसाठी जीप करून जायचं की घरच्या पातेल्यात पाणी उकळायचं, याचं उत्तर घरानं केव्हाच देऊन टाकलेलं असतं.

यांतलं काहीही छायाचित्रात चांगलं दिसत नाही. मी बँकेत कर्जं मंजूर होताना पाहिली आहेत. ट्रॅक्टरला कर्ज मिळतं, डिझेलला मिळत नाही. इथेही व्हीलचेअर द्यायला दहा जण तयार असतात. आमच्या गोदामात एका वर्षी नव्याकोऱ्या घडीच्या व्हीलचेअर इतक्या झाल्या की वर छताला टेकल्या. सगळ्या एकाच मापाच्या, रुग्णालयाच्या व्हरांड्यात ढकलायला ठीक. सहा फुटी माणूस तिच्यात दिवसाचे बारा तास बसला तर पाठ वाकडी होते, मांड्यांवर नको तिथे दाब येतो. खुर्ची कपड्यासारखी मापानं घ्यावी लागते. हे मी एका संस्थेच्या अध्यक्षांना सांगितलं तर ते दुखावले. 'फुकट मिळतंय त्यात मापं काढता?' असं ते म्हणाले नाहीत, पण चेहरा तेच म्हणत होता.

घरं बघायला मी सुभेदारसाहेबांबरोबर अधूनमधून जाते. पाटण खोऱ्यातलं एक घर लक्षात राहिलं आहे. जुनं, मातीचं, अडीच फूट जोत्यावर. दाते सांगतात, 'अहो, एक रॅम्प बांधून द्या, हाकानाका.' खुर्ची स्वतःच्या हातांनी वर न्यायची तर एक इंच उंचीला एक फूट उतार लागतो. अडीच फूट जोतं म्हणजे तीस फूट रॅम्प. त्या घराचं अंगण होतं चौदा फूट, त्यापुढे भावकीची भिंत, आणि भावकीशी बोलणं बंद. शेवटी सुभेदारसाहेबांनी आधी दोन भावांना समोरासमोर बसवलं, तेही रेजिमेंटमधल्या आवाजात, आणि रॅम्प भिंतीच्या कडेनं काटकोनात वळवून घेतला. त्या दिवशीचा खर्च मी कुठल्या खाती टाकावा, हे ऑडिटरलाही सांगता आलं नसतं. संडासाचा दरवाजा मात्र दोन फुटांचाच होता. खुर्ची आत जाईना, म्हणून हा माणूस कित्येक वर्षं दाराशी खुर्ची सोडून आत सरपटत जात होता. दार रुंद करायला गवंड्याचे दोन दिवस लागले.

ज्या वहिनी ते घर चालवतात, त्यांना मी विचारलं की तुम्हाला काय हवंय. त्यांनी लगेच सांगितलं: इन्व्हर्टर. हवेची गादी विजेवर चालते; तिच्यातल्या नळ्या आळीपाळीनं फुगतात आणि रिकाम्या होतात, त्यामुळे पाठीवरचा दाब हलता राहतो. वीज गेली की गादी सपाट. तिथे पावसाळ्यात वीज रात्र-रात्र नसते. दर दोन तासांनी त्या उठतातच, पण गादी चालू असली तर मध्ये एखादी झोप लांबते. 'मला जरा सलग झोप मिळेल,' असं त्या म्हणाल्या, आणि लगेच 'त्यांच्यासाठीच म्हणते मी' अशी जोड दिली. आमच्या अर्जाच्या नमुन्यात तेव्हा 'लाभार्थी' म्हणून एकाच नावाची जागा होती. आता दोन आहेत.

पाय गेलेल्यांचं दुखणं वेगळं आणि तेही लोकांना ठाऊक नसतं. कृत्रिम पाय एकदा बसवला की झालं, असा समज. शस्त्रक्रियेनंतर काही महिने उरलेला पाय आकसत जातो. सॉकेट ढिलं पडतं, नवं करावं लागतं. पुढेही वजन वाढलं, उतरलं, की तेच. पावसाळ्यात सॉकेटमध्ये घाम आणि ओल साचते, कातडी सोलते, मग आठवडाभर पाय खुंटीला. भातलावणीच्या चिखलात बुटासाठी केलेलं पाऊल टिकत नाही. जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिरानं 1968 च्या सुमाराला जे पाऊल घडवलं ते अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसासाठी, म्हणूनच आमचे शेती करणारे दोन पाय ठेवतात: एक शेताचा, एक लग्नाकार्याचा. आणि जो पाय नाही त्याच पायाचा अंगठा रात्री ठणकतो. घरच्यांना वाटतं, याला वेड लागलंय. याला नाव आहे, हे नेहमीचं आहे, औषध आहे, एवढं कुणी सांगितलं तरी निम्मं भय जातं.

कोण सांगणार, इथे खरी गोम आहे. आम्ही डॉक्टर नेले, समुपदेशक नेले. समुपदेशक मुलगी हुशार होती, मनापासून बोलायची. समोरचा लान्सनायक 'हो मॅडम, बरोबर मॅडम' करत राहिला आणि ती गेल्यावर तोंड भिंतीकडे करून पडला. पुढच्या खेपेला सुभेदारसाहेबांनी खटाव तालुक्यातल्या एका हवालदारांना सोबत घेतलं. हे हवालदार विसाहून अधिक वर्षं खुर्चीत आहेत, हातानं चालवायची स्कूटर घेऊन बाजारहाट करतात, पिठाची गिरणी चालवतात. त्यांनी धीराचं एक वाक्य उच्चारलं नाही. खाटेजवळ खुर्ची लावली आणि विचारलं, 'शी कितीला करतोस?' मग दोघं तासभर त्याच विषयावर बोलले, वेळ कशी लावून घ्यायची, काय खायचं, प्रवासात काय करायचं. शेवटी त्या पोरानं विचारलं की तुम्ही गिरणीचा पट्टा कसा बदलता. मी बाहेर पडवीत बसून ऐकत होते. त्याच्या आईनं चहा केला, तो त्यानं बसून घेतला.

तेव्हापासून मला दात्यांकडून सगळ्यांत जास्त पाहिजे असतो तो या माणसांचा प्रवासखर्च. आणि सगळ्यांत कठीण तोच मिळतो. 'प्रवास' म्हटलं की लोकांना वाटतं, न्यासाची मंडळी फिरायला जाणार.

खेळांसाठी मात्र पैसा चटकन येतो. 2024 मध्ये मुरलीकांत पेटकरांवर चित्रपट आला आणि आमच्याकडे चौकशा वाढल्या. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे पेटकर, 1965 च्या युद्धात जायबंदी झाले आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. चित्रपट आला त्याच वर्षी, 2024 मध्ये, पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये होकाटो सेमांनी गोळाफेकीत कांस्य मिळवलं. 2002 मध्ये काश्मीरमध्ये सुरुंगात त्यांचा डावा पाय गेला, आणि त्यांची तयारी झाली ती खडकीला सैन्याच्या पॅरालिंपिक केंद्रात. हे सगळं अभिमानाचंच आहे. गुटमननीही 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच आपल्या रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली होती, ती उगीच नाही. पण आमच्या यादीत असेही आहेत ज्यांना पाय असतानाही खेळाचा कंटाळा होता. पीटीला दांड्या मारणारा माणूस जखमी झाल्यावर गोळाफेक कशाला करील? त्याला गिरणी चालवायची आहे, नाहीतर नुसतंच पारावर बसायचं आहे. त्याच्यासाठी चित्रपट निघणार नाही, निघूही नये.

कंपन्यांकडे मी जाते ते जानेवारीपासून. कंपनी कायदा 2013 प्रमाणे ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात आणि कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे दार उघडतं. आत गेल्यावर तक्ता पुढे येतो: लाभार्थी किती, प्रत्येकी खर्च किती, परिणाम काय. त्या तक्त्यात शंभर घडीच्या खुर्च्या माझ्या चाळीस माणसांच्या तीन वर्षांच्या नळ्यांपेक्षा कितीतरी उजव्या ठरतात. तिथली मुलं वाईट नसतात. त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं, आणि 'काय घडलं?' याला माझं उत्तर 'काही घडलं नाही, फोड आला नाही' असं असतं. न आलेल्या फोडाचा फोटो कसा काढायचा?

गेल्या खेपेला चाकणच्या एका कंपनीत मी खटावच्या हवालदारांनाच घेऊन गेले. सादरीकरण नको, यांनाच विचारा म्हटलं. त्यांनी खिशातून चारघडीचा कागद काढला आणि वाचला: कुशन, वर कव्हरं दोन, नळ्या महिन्याच्या महिन्याला, हवेच्या गादीला इन्व्हर्टर, नव्यानं जायबंदी झालेल्या पोरांकडे जाऊन बसायला गाडीभाडं. प्रत्येकापुढे किंमत होती, बाजारातली, घासाघीस करून आणलेली. वरिष्ठ साहेबांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, 'तुम्हाला कुठल्या ऑपरेशनमध्ये…?' हवालदार म्हणाले, 'राशनची गाडी उलटली साहेब. तिच्यात बटाटे होते.' थोडा वेळ कुणालाच पुढचा प्रश्न सुचला नाही. मग त्यांनीच विषय पुढे नेला, की बटाटे वर पोचायचे होते, खालच्या पोस्टवर नाही, आणि वरच्या पोस्टवरचे लढतात ते जेवूनच.

तीन वर्षांचं काम म्हणून ते मंजूर झालं. कायद्यात चालू प्रकल्पाची तशी सोय आहे, वापरायचं फक्त कुणाच्या मनात यावं लागतं. मग निघाला बोधचिन्हाचा प्रश्न. कंपनीचं नाव कुठे येणार? खुर्ची असती तर पाठीवर आलं असतं. नळीवर येत नाही. 'कुशनवर छापता येईल का?' असं एकानं विचारलं. हवालदार गंभीरपणे म्हणाले, 'छापा की साहेब. मी दिवसभर त्याच्यावरच बसणार आहे.' पहिली हसली ती कोपऱ्यात टिपणं घेणारी मुलगी, आणि मग साहेबांनाही हसावं लागलं. नाव शेवटी सामानाच्या खोक्यावर गेलं.

गाडीभाड्यावरून मात्र पंधरवडाभर पत्रापत्री झाली. प्रवास हे शीर्षक त्यांच्या लेखाविभागाला चालेना. अखेर आम्ही तो खर्च 'समुपदेशन' या सदराखाली बसवला. हवालदारांना फोन करून सांगितलं, की काका, तुम्ही आता समुपदेशक झालात. ते म्हणाले, 'कुठल्या का खात्यात बसवा. पण ताई, जीपवाल्यानं दिवाळीपासून भाडं वाढवलंय, ते धरलंय का?'